मदत हवी आहे : शासनातील जागल्यांचा इतिहास आणि लोकशाहीतील त्यांचे स्थान

नमस्कार. राज्यशास्त्राच्या एका अभ्यासगटासमोर मला शासनातील गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी, म्हणजेच जागल्यांविषयी, एक टिपण सादर करायचे आहे. वाचन बऱ्यापैकी झाले आहे, परंतु मांडणी एका प्रश्नापाशी अडली आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

लोकशाहीत धोरण ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या प्रतिनिधींना असतो आणि प्रशासनातील अधिकारी त्यांना बांधील असतात, हे आपण गृहीत धरतो. मग ज्याला कोणीही निवडून दिलेले नाही असा अधिकारी, जनतेला काय कळायला हवे हे स्वतःच्या विवेकाने ठरवून कार्यालयातील कागद बाहेर देतो, तेव्हा तो लोकशाहीला बळ देत असतो की लोकप्रतिनिधींचा अधिकार परस्पर स्वतःकडे घेत असतो? आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी, जे स्वतः अनेक वर्षे प्रशासनात होते, हा आक्षेप इतक्या नेमकेपणाने मांडला की केवळ ‘सत्य बाहेर आलेच पाहिजे’ एवढे म्हणून तो निकालात काढता येत नाही.

आतापर्यंत जमवलेली सामग्री थोडक्यात देतो. सुरुवात मी कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून केली आहे. राजकोशातील अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्या सूचकाला अपहृत रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, तो स्वतः सेवक असेल तर बारावा हिस्सा द्यावा आणि आरोप सिद्ध न झाल्यास त्याला शिक्षा करावी, अशी तरतूद तेथे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्या कंत्राटदारांना वेसण घालण्यासाठी १८६३ मध्ये झालेला ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ याच तर्कावर उभा आहे. सरकारच्या वतीने दावा दाखल करणाऱ्या खासगी व्यक्तीला वसुलीत वाटा मिळतो. १९८६ च्या दुरुस्तीनंतर हा वाटा साधारणपणे १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यात आला. परंतु या दोन्ही व्यवस्थांत खबर राज्यसंस्थेलाच दिली जाते आणि तिचाच पैसा वाचतो. एका बाजूला राजेशाही आणि दुसऱ्या बाजूला प्रजासत्ताक असूनही यंत्रणा जवळजवळ सारखीच आहे. मग यात लोकशाहीचे असे वेगळे काय?

दुसऱ्या टोकाला अमेरिकी संरक्षण विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांचे १९७१ चे प्रकरण आहे. व्हिएतनाम युद्धाविषयीचा सुमारे ७,००० पानांचा गोपनीय अहवाल त्यांनी वृत्तपत्रांना दिला. येथे खबर राज्यसंस्थेविरुद्ध होती आणि ती थेट जनतेला दिली गेली. या दोन टोकांमध्ये वळण नेमके कोठे आले आणि वर मांडलेल्या आक्षेपाला इतिहासातून उत्तर देता येते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. शक्यतो एल्सबर्ग आणि (अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारे) एडवर्ड स्नोडेन यांच्यापलीकडची उदाहरणे सुचवावीत, कारण त्या दोघांवर आमच्या गटात पुरेशी चर्चा झालेली आहे.

पहिला प्रतिसाद

आपला प्रश्न चांगला आहे, मात्र आपण ज्या वळणाचा शोध घेत आहात ते १९७१ च्या सुमारे दोनशे वर्षे आधीच येऊन गेले आहे, असे मला वाटते.

१७७७ मध्ये अमेरिकी वसाहतींच्या नवजात आरमारातील ‘वॉरन’ या युद्धनौकेवरील दहा जणांनी आपल्या सेनापतीविरुद्ध, म्हणजे एसेक हॉपकिन्स यांच्याविरुद्ध, तक्रार केली. ब्रिटिश कैद्यांना अमानुष वागणूक दिली जाते, हा त्यातील एक आरोप होता. हॉपकिन्स हे साधे प्रस्थ नव्हते. त्यांचे बंधू स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. तरीही काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधीगृहाने, त्यांना आधी निलंबित आणि १७७८ च्या आरंभी पदमुक्त केले. हॉपकिन्स यांनी उलट तक्रारदारांवरच अब्रुनुकसानीची कारवाई सुरू केली आणि सॅम्युअल शॉ व रिचर्ड मार्व्हेन हे दोघे तुरुंगात गेले. त्यांनी काँग्रेसकडे दाद मागितली, तेव्हा ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने ठराव केला की, शासकीय सेवेतील कोणाच्याही गैरवर्तनाची, लबाडीची किंवा अपराधाची माहिती काँग्रेसला अथवा अन्य योग्य प्राधिकाऱ्याला लवकरात लवकर देणे हे सेवेतील प्रत्येकाचे, तसेच रहिवाशांचेही, कर्तव्य आहे. दोघांच्या बचावाचा खर्च काँग्रेसने उचलला आणि पुढे ते निर्दोष सुटले. तेव्हा राज्यघटना लिहिली जायची होती आणि भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती तर आणखी तेरा वर्षे दूर होती.

कौटिल्याच्या व्यवस्थेहून हे कोठे वेगळे आहे? सूचकाला बक्षीस मिळते, परंतु राजाचाच सेनापती दोषी निघाला तर राजाला जाब विचारणारे दुसरे कोणी तेथे नसते. १७७८ च्या ठरावात वरिष्ठाशी असलेली निष्ठा आणि सार्वजनिक सेवेशी असलेली निष्ठा प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या झाल्या, आणि वरिष्ठाला ओलांडून प्रतिनिधीगृहाकडे जाणे हा शिस्तभंग न राहता कर्तव्य ठरले. माझ्या मते आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर येथेच आहे. लोकांनी निवडलेले सरकार आणि लोकांनी निवडलेले विधिमंडळ यांपैकी विधिमंडळाला माहिती देणारा कर्मचारी प्रतिनिधींचा अधिकार हिरावत नाही. उलट, मंत्र्याकडून हिशेब मागण्याचे जे काम विधिमंडळाचे आहे, ते माहितीशिवाय होऊच शकत नाही.

हा मार्ग सरकारांना कधीच आवडला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर रूझवेल्ट आणि नंतर टाफ्ट या राष्ट्राध्यक्षांनी कर्मचाऱ्यांना वरिष्ठांच्या परवानगीविना काँग्रेसशी संपर्क साधण्यास मनाई करणारे आदेश काढले होते. त्यावर उतारा म्हणून १९१२ मध्ये लॉइड-ला फॉलेट कायदा झाला आणि काँग्रेसला माहिती देण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात किती तोकडा पडतो, हे पाहण्यासाठी अर्नेस्ट फिट्झगेराल्ड यांचे प्रकरण अवश्य घ्या. हवाई दलातील या खर्च-विश्लेषकाने १९६८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, सी-५ए या मालवाहू विमानाच्या प्रकल्पाचा खर्च सुमारे २ अब्ज डॉलरने वाढणार असल्याचे मान्य केले. त्यांनी काहीही चोरले नव्हते, वृत्तपत्राकडे काहीही पाठवले नव्हते. प्रतिनिधींनी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर दिले होते. त्यानंतर ‘पुनर्रचने’च्या नावाखाली त्यांचे पदच रद्द झाले. पुढे ते सेवेत परतले, पण त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, पदाच्या अधिकारात केलेल्या कृत्यांसाठी राष्ट्राध्यक्षाकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी ब्रिटनमधील क्लाइव्ह पॉन्टिंग यांच्या खटल्याचा अभ्यास करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ते संरक्षण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी होते. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी बुडवल्या गेलेल्या ‘जनरल बेलग्रानो’ या अर्जेंटिनाच्या युद्धनौकेविषयी सरकार संसदेची दिशाभूल करत आहे, असे वाटल्याने त्यांनी १९८४ मध्ये दोन कागदपत्रे टॅम डॅलिएल या खासदारांकडे पाठवली. डॅलिएल यांनी ती संसदीय समितीच्या अध्यक्षांकडे दिली आणि अध्यक्षांनी ती थेट संरक्षण मंत्र्यांकडे परत केली! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती पुरावा. खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले की, राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे ठरवेल तेच. तरीही फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने पॉन्टिंग यांना निर्दोष सोडले. त्याच महिन्यात कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी परिपत्रक काढून स्पष्ट केले की, सनदी सेवेला सत्तेवरील सरकारहून वेगळे असे घटनात्मक अस्तित्व किंवा जबाबदारी नाही. आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप याहून अधिकृत शब्दांत कोठे सापडणार नाही, आणि तो बारा सामान्य नागरिकांनी दिलेल्या निकालानंतर काही दिवसांतच लिहावा लागला, ही बाब टिपणात यायलाच हवी. शेवट मात्र जागल्यांच्या बाजूने झाला नाही. १९८९ च्या शासकीय गोपनीयता कायद्यात ‘सार्वजनिक हितासाठी माहिती उघड केली’ असा बचाव ठेवण्यात आला नाही, आणि २००२ मध्ये माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड शेलर यांच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) तो बचाव उपलब्ध नसल्याचे मान्य केले.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात फक्त स्वीडनची भर घालतो. ज्या देशाने १७६६ मध्येच मुद्रणस्वातंत्र्याचा आणि शासकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क घटनात्मक कायद्यात आणला, तेथे शासकीय कर्मचाऱ्याने प्रसिद्धीसाठी पत्रकाराला माहिती देणे हाच मुळात संरक्षित हक्क आहे. राष्ट्रीय सुरक्षेसारखे अपवाद आहेतच, परंतु एरवी बातमी कोणी दिली याचा छडा लावण्यासही शासकीय यंत्रणेला मनाई आहे. त्यामुळे ‘आधी वरिष्ठ, मग चौकशी यंत्रणा आणि अगदी नाइलाज झाला तर वृत्तपत्र’ ही उतरंड सर्वत्र स्वयंसिद्ध मानली जाते असे समजू नये.

धागाकर्त्याचा प्रतिप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॉन्टिंग यांचे प्रकरण मला केवळ नावाने ठाऊक होते; समितीच्या अध्यक्षांनी कागद परत केल्याचा तपशील तर माझ्या प्रश्नाच्या गाभ्याशीच जातो. परंतु त्यातूनच पुढची शंका निर्माण होते. विधिमंडळाकडे जाणे लोकशाहीशी सुसंगत आहे हे पटले. पण विधिमंडळानेच कानाडोळा केला, तर थेट जनतेकडे जाण्याचा अधिकार कोणत्या निकषांवर मान्य करायचा? प्रत्येकाच्या विवेकावर सोडले, तर मूळ आक्षेप पुन्हा उभा राहतो. तसेच भारतातील कायद्याची स्थिती या मांडणीत कोठे बसते?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

निकषांसाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २००८ मध्ये दिलेला ‘गुजा विरुद्ध मोल्दोव्हा’ हा निकाल वाचावा. महाअभियोक्त्यांच्या कार्यालयातील प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखाने, फौजदारी प्रकरणांत राजकीय दबाव येत असल्याचे दर्शवणारी दोन पत्रे वृत्तपत्राला दिली आणि त्यासाठी त्याला बडतर्फ करण्यात आले. न्यायालयाने त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचे मान्य करताना सहा गोष्टी तपासल्या: दाद मागण्याचा दुसरा परिणामकारक मार्ग होता का, माहितीत सार्वजनिक हित होते का, ती खरी होती का, उघड केल्याने संस्थेचे किती नुकसान झाले, हेतू काय होता आणि शिक्षा किती कठोर होती. आपल्या शंकेच्या दृष्टीने पहिला निकष कळीचा आहे. व्यक्तीने विवेकाने निर्णय घेतला तरी तो योग्य होता की नाही हे नंतर न्यायालय तपासते, म्हणजे अंतिम शब्द त्या व्यक्तीचा राहत नाही. एल्सबर्ग यांचा विषय आपण टाळू इच्छिता, तरी एवढे सांगतो की ते आधी सिनेटरांकडे गेले होते आणि शांतता वाटाघाटींविषयीचे खंड त्यांनी वृत्तपत्रांना दिलेच नव्हते. हे निकष तेव्हा अस्तित्वात नसूनही त्यांचे वर्तन त्यांत बरेचसे बसते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही थेट प्रसिद्धीला सशर्त संरक्षण आहे.

भारताबाबत सांगायचे तर, विधी आयोगाने २००१ मध्ये आपल्या १७९ व्या अहवालात कायद्याची शिफारस केली होती, परंतु हालचाल झाली ती सत्येंद्र दुबे यांच्या हत्येनंतर. सुवर्ण चतुष्कोण महामार्ग प्रकल्पातील या अभियंत्याने गैरव्यवहारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. येथे टिपणात काळजी घ्यावी, कारण २०१० मध्ये ज्या तिघांना शिक्षा झाली त्यांच्याविरुद्धचा खटला लुटीच्या प्रयत्नात झालेल्या खुनाचा होता. पत्र आणि खून यांचा संबंध न्यायालयात सिद्ध झाला, असे लिहू नये. नाव फुटले ही बाब मात्र स्वतंत्रपणे गंभीर आहेच. एप्रिल २००४ मधील ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा अधिकार मिळाला. २०१४ मध्ये संसदेचा कायदाही झाला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकले. शिवाय या कायद्यात निनावी तक्रारीला स्थान नाही आणि वृत्तपत्राकडे जाणाऱ्याला संरक्षण नाही, म्हणजे गुजा निकालातील पहिला निकष येथे विचारातच घेतलेला नाही.

याला छेद देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) सांगते की, सार्वजनिक हिताचे पारडे जड असेल तर १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा आड येत नाही. राफेल प्रकरणी फुटलेल्या कागदपत्रांचा विचारच करू नये, हा सरकारचा प्राथमिक आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळला, तेव्हा या कलमाचाही आधार घेतला गेला. थोडक्यात, बाहेर आलेला कागद न्यायालयात ग्राह्य धरला जाऊ शकतो, पण तो बाहेर देणारा कर्मचारी सुरक्षित राहीलच असे नाही. टिपणात पॉन्टिंग यांच्या लगेच नंतर ही विसंगती मांडली, तर आपल्या ज्येष्ठ सदस्यांशी होणारी चर्चा नेमक्या मुद्द्यावर येईल. १७७८ च्या ठरावाचा मूळ मजकूर एकाच वाक्याचा आहे. तो गटात पूर्ण वाचून दाखवावा.