मदत हवी आहे : पहिल्या आयव्हीएफनंतर परत न येणाऱ्या जोडप्यांशी केव्हा आणि काय बोलावे?

नमस्कार.

मी एका वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशक आहे. आयव्हीएफची (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारांची) पहिली सायकल, म्हणजे पहिली पूर्ण फेरी, अयशस्वी झाल्यावर जी जोडपी पुन्हा फिरकत नाहीत, त्यांच्याशी संपर्क कसा ठेवावा याची कार्यपद्धती लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अशी जोडपी पैशांअभावी थांबतात आणि ज्यांना खर्च परवडतो ती दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, अशी आमच्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. जिथे सगळा भार रुग्णाच्या खिशावर पडतो तिथे पैसा हे मोठे कारण असणारच. परंतु खर्चाचा प्रश्न नसतानाही लोक थांबतात, आणि ते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

स्वीडनमध्ये तीन सायकली विनामूल्य उपलब्ध असलेल्या जोडप्यांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मूल न झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जोडप्यांनी तिन्ही सायकली पूर्ण केल्या नव्हत्या, आणि मानसिक ताण व यशाची कमी शक्यता ही त्यांनी सांगितलेली प्रमुख कारणे होती. पुढे २०१२ साली अशा २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३९ टक्के, आढळलेले कारण होते उपचार पुढे ढकलणे. शारीरिक व मानसिक थकवा, नात्यांतील व वैयक्तिक अडचणी, उपचारांनाच नकार आणि केंद्रातील गैरसोयी ही कारणे त्यानंतर येतात.

मला हे पुढे ढकलणे सर्वांत अधिक विचार करण्याजोगे वाटते. ज्यांनी ‘आता पुरे’ असे ठरवले, त्यांचा निर्णय झालेला असतो आणि तो आदराने स्वीकारला पाहिजे. मात्र ‘जरा सावरू, मग पाहू’ असे म्हणून गेलेल्या जोडप्याने काहीच ठरवलेले नसते. त्यांच्या वतीने काळच ठरवत जातो. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता अधिक वेगाने घटत असल्यामुळे स्त्रीचे तिसाव्या वर्षीचे एक वर्ष आणि अडतिसाव्या वर्षीचे एक वर्ष यांचे मोल सारखे नसते. ब्रिटनमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारित, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या सायकलीत मूल होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, तर सहा सायकलींपर्यंतचे एकत्रित प्रमाण सुमारे ६५ टक्के काढण्यात आले. हे आकडे सर्व वयांना सारखे लागू पडत नाहीत. चाळिशीनंतर स्वतःची स्त्रीबीजे वापरताना यशाचे प्रमाण बरेच खाली येते, हे रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

रुग्ण परत येण्यात केंद्राचा आर्थिक फायदा आहे याची मला जाणीव आहे, आणि म्हणूनच केंद्राबाहेरच्या लोकांचे मत मागत आहे. आपण उपचार मध्येच थांबवले असल्यास तो ठरवून घेतलेला निर्णय होता की हळूहळू तसे होत गेले? इंजेक्शने, स्त्रीबीजे काढण्याची प्रक्रिया आणि भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरची प्रतीक्षा यांपैकी काय पुन्हा सोसवेल असे वाटले नाही? आणि केंद्राकडून कोणी संपर्क साधला असता, तर तो केव्हा साधलेला आवडला असता?

प्रतिसाद (उपचार थांबवलेली सदस्य)

आमचे थांबणे दुसऱ्या प्रकारात मोडते. इंजेक्शनांचा त्रास झाला, पण त्या दिवसांत निदान काहीतरी घडत होते: सोनोग्राफीत स्त्रीबीजांच्या पिशव्या मोजल्या जात होत्या, औषधाची मात्रा बदलत होती, विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर मिळत होते. भ्रूण आत सोडल्यावर हे सगळे एकाएकी थांबले. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकण्यास मदत करणारे संप्रेरक) घेत रक्ततपासणीच्या दिवसाची वाट पाहायची, एवढेच काम उरले. प्रोजेस्टेरॉनमुळे होणारा त्रास आणि गर्भधारणेची लक्षणे इतकी सारखी असतात, की शरीराच्या प्रत्येक खुणेचा मी दोन्ही बाजूंनी अर्थ लावत असे.

बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या त्या रक्ततपासणीचा, नकारार्थी अहवाल दूरध्वनीवरून कळला. ‘सध्याची औषधे बंद करा आणि पाळी आल्यावर कळवा’ असे सांगण्यात आले. सांगणारी व्यक्ती सौजन्याने बोलली, तरीही पुढची भेट कधी, त्या भेटीत काय ठरणार आणि गोठवून ठेवलेल्या भ्रूणांचे काय, यांपैकी काहीच त्या संभाषणात नव्हते. पाळी आली, पण मी कळवले नाही. आधी कार्यालयातील कामे पुढे आली, मग घरातील एक आजारपण आले, आणि त्यानंतर इतका काळ लोटला की एवढ्या विलंबाने दूरध्वनी करण्याचाच संकोच वाटू लागला. गोठवलेले भ्रूण वापरताना स्त्रीबीजे पुन्हा काढावी लागत नाहीत आणि पुढची फेरी त्यामानाने सोपी असते, हे मला खूप नंतर एका मैत्रिणीकडून कळले.

आणखी एक गोष्ट. मी फार ताण घेतला म्हणून गर्भ राहिला नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आपल्या पद्धतीत या समजुतीला उत्तर असावे, असे सुचवते.

प्रतिसाद (या क्षेत्रातील परिचारिका)

वरील प्रतिसादातील शेवटचा मुद्दा आधी घेते. विविध देशांतील ३,५०० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. उपचारांपूर्वीच्या मानसिक ताणाचा त्या सायकलीत गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध त्यात आढळला नाही. हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो निकालाच्या आधीच सांगावे, कारण ‘ताण घेऊ नका’ हा आपला नेहमीचा सल्ला निकाल नकारार्थी आल्यावर आरोपासारखा ऐकू येतो.

माझ्या मते आपली कार्यपद्धती निकालाच्या दिवसापासून सुरू होता कामा नये. भ्रूण आत सोडण्याच्या दिवशीच, निकाल काहीही लागला तरी उपयोगी पडेल अशी भेटीची तारीख देऊन ठेवावी, म्हणजे पुन्हा संपर्क साधण्याचे ओझे दुखावलेल्या माणसावर पडत नाही. उपचारांच्या आरंभी एकाच प्रयत्नाविषयी न बोलता संपूर्ण आराखड्याविषयी बोलावे: किती प्रयत्नांपर्यंत वैद्यकीयदृष्ट्या अर्थ आहे, भ्रूण उरल्यास काय करायचे आणि कोणत्या टप्प्यावर थांबण्याचा विचार करायचा. थांबण्याचा विषय डॉक्टरांनी स्वतःहून काढला, तर रुग्णाला तो चोरून, न कळवता अमलात आणावा लागत नाही. औषधांची मात्रा सौम्य ठेवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे; प्रत्येकीसाठी ते योग्य नसते, परंतु शारीरिक त्रासामुळे मागे फिरणाऱ्यांसाठी तो एक मार्ग असू शकतो. कामाच्या वेळा सांभाळता येतील अशा तपासणीच्या वेळा आणि प्रत्येक वेळी तीच परिचारिका, या गोष्टी किरकोळ वाटतात, पण माझ्या अनुभवात त्यांनी बराच फरक पडतो.

प्रतिसाद

कृपया वारंवार दूरध्वनी करू नयेत. आम्ही विचार करून थांबलो होतो, आणि केंद्रातून आलेला प्रत्येक दूरध्वनी तो निर्णय पुन्हा मांडून दाखवायला लावत असे. एकदाच विचारावे आणि ‘पुन्हा संपर्क नको’ असे सांगण्याची सोय त्यात असावी.

धागाकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. आधी ठरलेली भेट, त्या भेटीला न आल्यास एकच पत्र, त्या पत्रात उरलेल्या भ्रूणांची माहिती आणि संपर्क थांबवण्याचा पर्याय, असा मसुदा आता करत आहे. पत्रात पुढच्या सायकलीच्या सवलतीचा उल्लेख नसावा, हा माझा आग्रह राहील. एक शंका मात्र उरते. दोघांपैकी एकाला थांबायचे असते आणि दुसऱ्याला नाही, हे पुष्कळदा संयुक्त भेटीत समोर येतच नाही. अशा वेळी दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद (या क्षेत्रातील परिचारिका)

होय, मात्र ती पद्धत सर्वांसाठी आणि पहिल्या भेटीपासूनच ठेवावी; निकालानंतर अचानक वेगवेगळे बोलावल्यास दोघांनाही संशय येतो. पतींना आपण एरवी फक्त नमुना देण्यापुरते विचारात घेतो, त्यामुळे त्यांच्याकडून आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक ऐकायला मिळेल. एकाने सांगितलेले दुसऱ्याला परस्पर कळवले जाणार नाही, हे दोघांनाही आरंभीच लेखी द्यावे.