मदत हवी आहे – पॅन्क्रियाजच्या कॅन्सरसाठी ग्लो होणारा डाय

मंडळी, मावशीच्या यजमानांना स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ निघालीये, आधी केमो आणि मग व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) असं ठरतंय. वाचताना कळलं की कॅन्सरच्या पेशींना चिकटणारा डाय आधी शिरेतून देतात आणि ऑपरेशनमध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली गाठ चमकते, म्हणजे कडेला काही राहिलं तर सर्जनला दिसतं. पॅफोलासियानिन नावाच्या अशा डायला अमेरिकेत २०२१ मध्ये ओव्हरीसाठी आणि २०२२ मध्ये फुफ्फुसासाठी मंजुरी मिळाली, पण तो फोलेट रिसेप्टरला (पेशीवरच्या एका प्रथिनाला) चिकटणारा; पॅन्क्रियाजसाठी सीईए या कॅन्सर पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या एसजीएम-१०१ या डायची नेदरलँड्समध्ये ट्रायल झालीये.

भारतात अशी कुठली ट्रायल चालू आहे का? आणि केमोनंतर नुसती सूज आलेला भागही चमकतो का, कारण मग उपयोग काय! कुणी सर्जन किंवा रिसर्चवाले असाल तर प्लीज सांगा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत.