मदत हवी आहे: नागपुरात नवीन घराला ग्राउंड सोर्स हीट पंप बसवायचा विचार आहे, पण जमीनच तापत गेली तर?

नमस्कार मंडळी,

हिंगणा रोडकडे आमचा ५० बाय ६० चा प्लॉट आहे. दिवाळीनंतर पायव्याचं खोदकाम सुरू करायचंय, आणि त्याआधी ग्राउंड सोर्स हीट पंपाचा, म्हणजे बोअरमधल्या पाइपांतून थंडीत जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या आणि उन्हाळ्यात घरातली जमिनीत सोडणाऱ्या मशीनचा, निकाल लावावा लागेल, कारण भिंती एकदा उभ्या राहिल्या की बोअरची गाडी आत येणार नाही. नंतर पाहू म्हणून ढकलता येईल असं हे काम नाही, म्हणून सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

भाऊ स्वीडनला असतो. त्याच्या अंगणात एकच बोअर आहे, दीडशे मीटरचं, पण पाणी काढायला नाही. त्यात काळ्या प्लास्टिकच्या पाइपचा यू आकाराचा लूप सोडलाय आणि त्या पाइपातून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरत असतं. बाहेर उणे पंधरा असलं तरी खालचा दगड सहा-सात अंशांवर असतो. तिथून उष्णता उचलायची, कॉम्प्रेसरनं तिचं तापमान वाढवायचं आणि घरातल्या फरशीखालच्या पाइपात ३५ अंशांचं पाणी फिरवायचं. एक युनिट वीज लागते आणि घरात तीन ते चार युनिट उष्णता येते. धूर नाही, बाहेर आवाज करणारा पंखा नाही, आणि आंघोळीचं गरम पाणीपण त्यातूनच. मी तिथे राहून आलेय, त्यामुळे हे ऐकीव नाही. हिवाळ्यात त्या घरात जो एकसारखा उबदारपणा असतो तो रूम हीटरनं कधीच येत नाही.

आता आपल्याकडचं. बाबांना दमा आहे. नागपूरची थंडी म्हणजे काय असं बाहेरचे लोक म्हणतात, पण डिसेंबर २०१८ मधे इथे पारा ३.५ पर्यंत उतरला होता, आणि एरवीही डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बाराच्या खाली जातातच. बाबांच्या खोलीत हीटर लावला की हवा कोरडी होऊन त्यांना खोकल्याची उबळ येते, बंद केला की छाती भरते. उन्हाळ्यात उलट. मे अखेरच्या नवतपात बाहेर ४५-४६ असताना कूलर उत्तम काम करतो कारण हवा कोरडी असते, पण जूनच्या मध्यात पहिला पाऊस पडला की तोच कूलर घरात नुसती ओल भरतो आणि ती ओल बाबांना सगळ्यात जास्त बाधते. म्हणजे आम्हाला थंडीत मंद ऊब, उन्हाळ्यात गारवा, पावसाळ्यात कोरडी हवा आणि वर्षभर गरम पाणी, हे सगळं एकाच सिस्टीममधून मिळालं तर पाहिजे आहे.

एका कंपनीचा माणूस येऊन प्लॉट पाहून गेला. त्याचा प्रस्ताव असा: तीन टनाचं मशीन, शंभर-शंभर मीटरचे दोन बोअर, मधे सहा मीटर अंतर, लूपमधे ग्लायकॉल मिसळलेलं पाणी, आणि सगळ्या घराला फरशीखालून हीटिंग आणि कूलिंग दोन्ही. "मॅडम, जमीन खाली कायम २५ अंश असते, मे असो की जानेवारी, तुम्हाला आयुष्यभर बघायला नको" हे तो तीनतीनदा सांगून राहिला होता.

मला इथेच अडकायला झालंय. भावाकडे वर्षातले सात-आठ महिने जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळ्यात ती भरून येते. आपल्याकडे उलटं चालणार ना. आपण मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत घरातली उष्णता जमिनीत टाकत राहणार आणि काढणार कधी, तर डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. मग जमीन हळूहळू तापणार नाही का?

भावाशी बोलून थोडा हिशोब मांडला तो असा. तीन टन म्हणजे साधारण साडेदहा किलोवॅट गारवा, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची अडीच किलोवॅट मिळवली तर जमिनीत जाते १३ किलोवॅट. दिवसाला आठ तास धरले आणि उन्हाळ्याचे शंभरच दिवस धरले तरी १०,४०० युनिट उष्णता. दोन बोअरमधे सहा मीटर अंतर, म्हणजे एकेका बोअरच्या वाट्याला तीन मीटर त्रिज्येचा दगड आला. असे दोन खांब मिळून साडेपाच हजार घनमीटरच्या वर दगड होतो. एक घनमीटर दगड एक अंशानं तापायला अंदाजे ०.६ युनिट लागतं, म्हणजे तो सगळा दगड एक अंशानं वाढवायला ३,४०० युनिट. भागाकार केला तर वर्षाला तीन अंश! मशीन पूर्ण ताकदीनं सतत चालणार नाही हे कळतं, पण अर्धं धरलं तरी दीड अंश. हा हिशोब त्या माणसाला दाखवला तर म्हणाला जमीन केवढी मोठी आहे मॅडम. हे काही उत्तर नाही झालं.

माझे प्रश्न: हा हिशोब बरोबर आहे का, की उष्णता आजूबाजूला निघून जाते? आमच्याकडे वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली काळा पाषाण, त्यानं काय फरक पडतो? ग्लायकॉल कशाला? फरशीतून गारवा चालेल का? आणि नागपुरात किंवा जवळपास कोणी हे घरासाठी बसवलेलं असेल तर कृपया अनुभव सांगा, चांगला वाईट कसाही. खर्च बराच आहे आणि बाबांच्या तब्येतीसाठी आहे, त्यामुळे "आवड म्हणून करून बघा" असे सल्ले नकोत.

वर्धारोडकर

ताई, हीट पंप बाजूला ठेवा थोडा वेळ, आधी छत बघा. आपल्याकडे वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो, तो तसाच ठेवून खाली कोणतंही मशीन लावा, ते उन्हाशीच झुंजत बसणार. स्लॅबवर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी आणि बाहेरून सावली, एवढं नकाशातच करून घ्या. केंद्र सरकारची घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ मधे आली, त्यात छताचा यू व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप) १.२ च्या वर नको असं होतं, आर्किटेक्टला विचारा तुमचा किती येतो. नुसता उघडा स्लॅब असेल तर त्याच्या कितीतरी वर जातो. हे केलं की तुमचे तीन टन दोनवर येतील, आणि बोअरची लांबी त्याच प्रमाणात कमी.

निवृत्त_मेकॅनिकल

ताई, हिशोब चांगला मांडलाय, एकच दुरुस्ती. तुम्ही धरलंय की उष्णता त्या तीन मीटरच्या खांबातच कोंडून राहते. शेकडो बोअरच्या मोठ्या फील्डमधे मधल्या बोअरांचं तसंच होतं आणि तिथे वर्षानुवर्षं तापमान चढत जातं. तुमच्याकडे दोनच आहेत, चारही बाजू मोकळ्या आहेत, उरलेल्या महिन्यांत बरीच उष्णता बाहेर पसरेल. दरवर्षी तीन अंश वाढणार नाही. काळजीची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्याच सीझनमधली.

१३ किलोवॅट २०० मीटरवर म्हणजे मीटरमागे ६५ वॅट. जर्मनीच्या व्हीडीआय ४६४० या मार्गदर्शक नियमावलीच्या २००१ च्या आवृत्तीत बेसाल्टला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाला, साधारण ४० ते ६५ दिलं होतं, पण ते हीटिंगसाठी आणि लहान घरांसाठी, म्हणजे कंपनीच्या माणसानं वरचं टोक पकडलं आणि तेही उलट्या कामाला. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो आणि वरची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगा पडल्या की तिचा उपयोग जवळपास शून्य. नागपूरची खालची जमीन २५ नाही, आपल्या वर्षाच्या सरासरी हवेइतकी म्हणजे २७-२८ धरा. महिनाभर रोज आठ तास चालवलं तर माझ्या ढोबळ हिशोबानं मे अखेर लूपमधलं पाणी ४० च्या वर जातं. मग बाहेरच्या हवेवर चालणाऱ्या साध्या इन्व्हर्टर एसीत आणि त्यात फरक काय उरला?

ब्रोशरमधला सीओपी (एक युनिट विजेवर किती युनिट उष्णता हलते तो आकडा) बघताना एक लक्षात ठेवा. ग्राउंड लूपच्या आयएसओ १३२५६ या चाचणी मानकाच्या रेटिंगमधे कूलिंगचा आकडा २५ अंशांच्या येणाऱ्या पाण्यावर आणि हीटिंगचा शून्य अंशावर काढतात. त्याला सांगा, ३५ आणि ४० अंशांच्या पाण्यावरचा तक्ता दे. कंपनीकडे तो असतो.

ग्लायकॉल तर आपल्याकडे अजिबात नको. ते पाणी गोठू नये म्हणून घालतात, इथे लूप कधी शून्याजवळ जाणारच नाही. उलट त्यानं पंपाला जोर जास्त लागतो आणि उष्णता कमी जाते. साधं पाणी घाला. फरशीतून ऊब उत्तम, बाबांसाठी खरंच चांगली, पण गारवा नको. जुलैत घरातली हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २४ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. फरशी ओली, आणि तुम्हाला तर ओलच घालवायचीय. कूलिंगला फॅन कॉइल युनिट (गार पाण्याच्या नळ्यांवरून पंख्यानं हवा सोडणारं) आणि त्याला पाणी जायला ड्रेन लागेल.

माझं मत विचाराल तर दोन बोअर ठेवा, मशीन दीड टनाचं करा, फक्त आईबाबांची खोली आणि त्याला लागून असलेली एक. मीटरमागे ३३ वॅटच्या आसपास येईल, ते झेपतं. बाकी घराला कूलर आणि साधा एसी. आणि गरम पाणी बारा महिने त्याच मशीनवर घ्या. २०० लिटर पाणी रोज २५ अंशांनी तापवायचं म्हणजे जवळपास सहा युनिट उष्णता, वर्षाला दोन हजारांच्या पुढे, त्यातला मोठा वाटा जमिनीतून परत निघतो. तुमचा खरा प्रश्न "काढणार कधी" हा होता, त्याचं उत्तर आंघोळीच्या पाण्यात आहे.

बोअरवाला

ताई, मी गाडी चालवतो म्हणून सांगतो. पाण्याचं बोअर आणि हे बोअर एकच समजू नका. पाइप टाकल्यावर भोवतालची जागा खालून वर बेंटोनाइटच्या ग्राउटनं (फुगणाऱ्या मातीच्या लगद्यानं) भरावी लागते, नाहीतर पाइप आणि दगडाच्या मधे हवा राहून जाते आणि मग काही उपयोग नाही. आपल्याकडचे बहुतेक जण वरून मुरूम नाहीतर गिट्टी ढकलून देतात. ग्राउट पंप कोणाकडे आहे हे आधी विचारा. पाइपला खाली यू पाशी जोड हातानं बनवलेला नको, कारखान्यातून आलेला एकसंध पाहिजे. बोअरमधे टाकण्याआधी आणि टाकल्यावर, दोन्ही वेळा प्रेशर टेस्ट तुमच्या डोळ्यासमोर करून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः निवृत्त_मेकॅनिकल काका, तुम्ही एवढं बसून लिहिलंत. दीड टन आणि दोन खोल्या हे मला पटलं, आईशी बोलले, तिलाही. फरशीतला गारवा काढून टाकायला आर्किटेक्टला आजच सांगितलं आणि छताचा यू व्हॅल्यू मागितलाय. कंपनीच्या माणसाला ३५-४० अंशांचा तक्ता मागितला, त्याचं उत्तर आलं की इथे टाकते.

आता दोन गोष्टी राहिल्या. दुसरा बोअर करायच्या आधी पहिल्यावर थर्मल रिस्पॉन्स टेस्ट करावी असं भाऊ म्हणतो, म्हणजे दोन-तीन दिवस ठरावीक उष्णता सोडायची आणि पाणी किती तापतं ते मोजायचं, म्हणजे आमच्याच पाषाणाचा खरा आकडा कळेल. नागपुरात ही टेस्ट कोण करतं? व्हीएनआयटीच्या मेकॅनिकल किंवा सिव्हिल विभागात बाहेरच्यांसाठी असं काम घेतात का, कोणाची ओळख असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. दुसरं, पाणी न काढणाऱ्या शंभर मीटरच्या बोअरला भूजल कायद्याखाली परवानगी लागते का, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नागपूर ऑफिसात अर्ज कोणत्या नावानं करायचा? बोअरवाला भाऊ, तुमच्याकडे ग्राउट पंप आहे का, आणि हिंगण्याकडे मुरूम साधारण किती फुटांपर्यंत लागतो, केसिंग किती धरू?