मदत हवी आहे: खानापूर तालुक्याची जुनी आकडेवारी

नमस्कार मंडळी, मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा (तालुका खानापूर), दुकान सांभाळून फावल्या वेळात आकडेवारीचा नाद लागलाय. आपल्याकडची माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यापायी देशभर पांगली आणि आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, तर या दोन्हीनं गावांच्या लोकसंख्येत काय फरक पडला ते बघायचंय.

2011 च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे 929 बायका, सांगली जिल्ह्यात 966. बाहेर गेलेल्या गड्यांचा यात मोठा हात असणार असं मला वाटतं, पण जिल्ह्याच्या आकड्यावरनं खानापूर-आटपाडीचं काय कळणार!

घोळ असाय की जुन्या तक्त्यात कडेगाव खानापुरातच धरलंय, 2011 ला वेगळा तालुका, त्यामुळं सरळ तुलना केली की लोकसंख्या एकदम धपकन पडलेली दिसती. मग गाववार बेरीज करावी म्हणलं तर जनगणनेच्या जुन्या पुस्तिकेचं पीडीएफ स्कॅन केलेलं, 3 चा 8 वाचतंय, एक्सेलमध्ये घेऊच देत नाही.

1991 आणि 2001 चे गाववार आकडे कुणाकडं एक्सेलमध्ये आहेत का? आणि सरकारच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', त्याचे सांगलीचे जुने अंक जिल्हा कार्यालयात बघायला मिळतात का, का अर्ज करावा लागतो? आधी कुणी गेलं असंल तर सांगा.