इंजिनीअरिंग फिजिक्स की इलेक्ट्रिकल: पसंतीक्रमात वर काय ठेवू?

सातारकर_बारावी: जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या रँकवर आयआयटी मुंबईत इंजिनीअरिंग फिजिक्स किंवा एका नव्या आयआयटीत इलेक्ट्रिकल मिळेल असं दिसतंय. फिजिक्स मनापासून आवडतं, पण घरच्यांना वाटतं ही बीएस्सीच आहे. पुढे नोकरीचं काय?

क्वांटमवेडा: बीएस्सी नाही, चार वर्षांचं बी.टेक. आहे. आणि कॉलेजांत पहिल्या वर्षाला याच नावाचा एक पेपर असतो, त्यावरून या शाखेचा अंदाज बांधू नकोस. इथे क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक्स असतं. मुलं अडतात ती बहुतेक क्वांटमला, कारण लिनियर अल्जेब्रा कच्चं राहिलेलं असतं.

आवड तपासायची तर सुट्टीत हे करून बघ. पायथनमध्ये पेटीतल्या कणाचं, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकलेल्या कणाचं, श्रोडिंजर समीकरण (क्वांटमचं मूळ समीकरण) सोडव. ħ (प्लँकचा स्थिरांक भागिले २π), वस्तुमान आणि पेटीची लांबी, तिन्ही १ धर. आत २०० बिंदू घे, दोन बिंदूंमधलं अंतर dx. त्यावरून समीकरणाचं मॅट्रिक्स बनव: कर्णावर १/dx², शेजारच्या दोन कर्णांवर −१/(२dx²). मॅट्रिक्सची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू, म्हणजे कणाची सर्वांत कमी ऊर्जा, π²/२ म्हणजे ४.९३५ च्या अगदी जवळ यायला हवी. ४.८९ आली तर dx १/२०१ ऐवजी १/२०० घेतलंय: आतले बिंदू २०० असले तरी भिंतींपर्यंतचे तुकडे २०१ होतात. वरच्या पातळ्यांची उत्तरंही हळूहळू घसरतील, कारण तिथे एका तरंगलांबीत बिंदू कमी पडतात. ही चूक शोधताना मजा आली तर शाखा तुझीच आहे.

पुणे_ऑप्टिक्स: नोकरीचं स्पष्ट सांगतो. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत पात्र शाखांची नावं छापलेली असतात आणि त्यांत इंजिनीअरिंग फिजिक्स बरेचदा नसतं. 'समकक्ष शाखा' या शब्दांवर विसंबू नका. तेच ध्येय असेल तर इलेक्ट्रिकल घ्या, त्यात कमीपणा नाही. सॉफ्टवेअर, डेटा आणि फायनान्सवाले शाखेपेक्षा कोडिंग आणि प्रॉबॅबिलिटी बघतात. सेमीकंडक्टरकडे जायचं तर सॉलिड स्टेट आणि डिव्हाइस फिजिक्सचे इलेक्टिव्ह घ्या, जमल्यास इलेक्ट्रिकलचं मायनर (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय).

संशोधनात मात्र ही शाखा उजवी ठरते. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातल्या चार संशोधन केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचं (क्वांटम गुणधर्मांनी अतिसूक्ष्म मोजमाप करण्याचं) आयआयटी मुंबईतच आहे. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेलाही मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांब भुजांच्या त्या यंत्राला लेसर, व्हॅक्यूम आणि कंट्रोल जाणणारी माणसं लागणार.

सातारकर_बारावी: म्हणजे प्रयोगशाळेकडे कल हवा?

पुणे_ऑप्टिक्स: हो, आणि तो दुसऱ्या वर्षापासूनच वाढवा. मायकेलसन इंटरफेरोमीटरवर (प्रकाशाचे दोन भाग करून आरशांवरून परत एकत्र आणणारं उपकरण) हीलियम-निऑन लेसर (तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर) लावला, तर आरसा ३१६.४ नॅनोमीटर सरकला की एक फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचा एक पट्टा, पुढे जाते, म्हणजे १०० फ्रिंजना ३१.६४ मायक्रोमीटर. आरसा सरकवणारा स्क्रू मोजता मोजता उलटा फिरवलात तर आट्यांमधल्या ढिलाईमुळे आरसा काही काळ हलतच नाही आणि उत्तर चुकतं. म्हणून थोडं आधीपासून एकाच दिशेने फिरवत या, मगच मोजणी सुरू करा. आकड्यासोबत त्यातली अनिश्चितता कुठून आली तेही वहीत लिहा. इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.