दशमांश, सुईचे नाक आणि द्रव्याचा लोभ: पैशाविषयीची वचने एकत्र कशी वाचायची?

प्रश्न : वाचनवर्ग

सर्वांना नमस्कार. बायबल अभ्यासवर्गात 'पैसा' हा विषय घ्यायचा आहे. वचने काढायला बसले की ती एकमेकांशी भांडायला लागतात. मलाखी ३:१० म्हणते, सगळा दशमांश भांडारात आणा म्हणजे आशीर्वाद ओतला जाईल. मार्क १०:२५ म्हणते, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंट जाणे सोपे. नीतिसूत्रे १०:४ म्हणते, उद्योग्याचा हात धन मिळवतो. मग गरीब तो आळशी किंवा अविश्वासू, असे कोणी म्हटले तर उत्तर काय द्यायचे?

नेमके विचारायचे तर :

दशमांश आजच्या ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे का, आणि कशावर काढायचा, हातात येणाऱ्या पगारावर की कपातीआधीच्या?

'सुईचे नाक' नावाचा यरुशलेमेत एक लहान दरवाजा होता, ओझे उतरवून उंट गुडघ्यांवर आत जाई, हे स्पष्टीकरण कितपत खरे?

डोक्यावर कर्ज असताना दान द्यावे का?

उत्तर १ : जुनी_पोथी

दशमांशाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. 'दशमांश' म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंदिराला, इतके सरळ ते नियमशास्त्रात नाहीच.

लेवीय २७:३०-३३ मध्ये जमिनीचे पीक, झाडांची फळे आणि गुरेमेंढरे यांचा उल्लेख आहे. जनावरे काठीखालून एकेक जात आणि दहावे येईल ते परमेश्वराचे. चांगले-वाईट निवडायचे नाही, बदलायचे नाही. मजकुरापुरते पाहिले तर नऊच मेंढरे असलेल्याचे एकही जात नाही. पीक सोडवून घ्यायचे असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त भरायचा.

गणना १८:२१-२८ प्रमाणे हा दशमांश लेव्यांना, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी कुळाला, कारण त्यांना जमिनीचे वतन नव्हते. लेव्यांनी मिळालेल्यातला दहावा भाग याजकांना द्यायचा. म्हणजे १०० पोत्यांतली १० लेव्यांकडे आणि त्यातले १ याजकाकडे.

आता अनुवाद (बायबलचे पाचवे पुस्तक) १४:२२-२९ उघडा. तिथला दशमांश कुटुंबाने स्वतः परमेश्वरापुढे जाऊन खायचा आहे! वाट लांब असेल तर माल विकून चांदी करायची, तिथे पोचल्यावर हवे ते विकत घ्यायचे आणि घरच्यांसह आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच साठवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी. हे एकाच दशमांशाचे दोन नियम की दोन वेगळे दशमांश, यावर जुना वाद आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस तर तीन मोजतो. तीन धरले तर वर्षाची सरासरी २३ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून 'बायबलचा आकडा १० टक्के' हे वाक्य जुन्या करारालाही धरून नाही.

मलाखीचे 'भांडार' म्हणजे मंदिराची धान्यकोठारे. ती रिकामी पडली की काय होई ते नहेम्या १३:१० सांगते : वाटा न मिळाल्यामुळे लेवी आणि गाणारे आपापल्या शेतांकडे पळाले. आणि मलाखी ३:१० शिकवणाऱ्याने ३:५ आधी वाचून दाखवावे. मजुराची मजुरी दाबणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो, हे त्याच अध्यायात पाच वचने आधी आहे. मजुरी थकवून दशमांश भरणाऱ्याला त्या अध्यायात आशीर्वाद सापडणार नाही.

नव्या करारात येशू दशमांशाचा उल्लेख करतो तो परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाशी, बोलताना (मत्तय २३:२३). पुदिना, शेप, जिरे मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता. 'ते करायचे होते आणि हेही सोडायचे नव्हते' असे तो म्हणतो, पण ऐकणारे नियमशास्त्राखालचे लोक आहेत. प्रेषितांची कृत्ये १५:२८-२९ मध्ये परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर जी मोजकी बंधने ठेवली त्यांत दशमांश नाही. पौल टक्का कुठेच सांगत नाही. १ करिंथकर १६:२ मध्ये पद्धत सांगतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवावे. २ करिंथकर ८:१२ मध्ये मोजमाप : जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही.

तेव्हा कपातीआधी की नंतर, याचे उत्तर वचनात नाही. स्वतः एक आधार ठरवा, लिहून ठेवा आणि वर्षभर तोच पाळा. दहावा भाग ही सुरुवातीची चांगली सवय आहे, एवढे मी मनापासून मानतो. तारणाची पावती म्हणून तो मागितला जातो तेव्हा मात्र पौलाचे 'दुःखाने किंवा जबरीने नको' (२ करिंथकर ९:७) बाजूला पडते.

उत्तर २ : मोहरीचा_दाणा

दरवाजाची गोष्ट वर्गात सांगू नका. पहिल्या शतकातल्या यरुशलेमेत अशा नावाच्या दरवाजाचा पुरावा नाही, ही कल्पना फार नंतर आली. मार्क आणि लूक इथे सुईसाठी दोन वेगळे ग्रीक शब्द वापरतात, दोन्ही शिवणाच्या सुईचे. बाबिलोनी तालमुदात (यहुदी धर्मगुरूंच्या शिकवणीच्या जुन्या ग्रंथात) याच धर्तीवर सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे, म्हणजे अशक्य गोष्ट सांगायची ही रूढ पद्धत होती. काही थोड्या हस्तलिखितांत उंटाऐवजी 'दोर' येतो, कारण ग्रीकमध्ये फरक एका स्वराचा आहे. उंट लहान करायचा मोह नकलकारांनाही झाला असावा! पण मार्क १०:२७ मध्ये येशू स्वतःच म्हणतो, माणसांना हे असाध्य आहे. ओझे उतरवून साधत असेल तर ते वाक्य फुकट जाते.

शिष्य थक्क का होतात तेही पाहा. धन म्हणजे देवाच्या कृपेची खूण, अशी समजूत मुरलेली होती. श्रीमंतच वाचत नसेल तर मग कोण वाचेल, असा त्यांचा प्रश्न आहे. आणखी एक बारकावा : मार्क १०:१९ मध्ये, आपल्याकडे आलेल्या श्रीमंत माणसाला आज्ञा मोजून दाखवताना, येशू 'ठकवू नको' ही एक घालतो. ती दहा आज्ञांच्या यादीत नाही, मत्तय आणि लूक यांनी ती गाळली आहे. त्या माणसाची मालमत्ता कशी जमली असेल, हा प्रश्न मार्कने असा हळूच पुढे ठेवला आहे.

लूकने तर उत्तरच शेजारी ठेवले. अध्याय १८ मध्ये हाच श्रीमंत, लूकच्या शब्दांत अधिकारी, 'सगळे विक' हे ऐकून खिन्न होतो; १९ मध्ये जकातदारांचा श्रीमंत मुख्य जक्कय झाडावरून उतरतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडले असेल त्याला चौपट देतो म्हणतो. नियमशास्त्रात कबूल केलेल्या फसवणुकीला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढी भरपाई होती (लेवीय ६:५). चौपट ही चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराची शिक्षा (निर्गम २२:१). जक्कय आपणहून चोराची शिक्षा स्वतःला लावून घेतो. वर्गात फळ्यावर मांडून दाखवा : मालमत्ता १०० धरली तर ५० गरिबांना. उरलेल्या ५० मधून चौपट भरायचे, म्हणजे लुबाडलेली रक्कम साडेबाराच्या वर गेली की तो कफल्लक. आणि येशू या माणसाला 'सगळे विक' असे म्हणत नाही. श्रीमंत अधिकाऱ्याला म्हणाला होता.

'पैसा सर्व वाइटाचे मूळ' हेही चुकीचे उद्धृत होते. १ तीमथ्य ६:१० मध्ये द्रव्याचा *लोभ* आहे, आणि तो सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ. त्याच अध्यायात १७ ते १९ मध्ये धनवानांना आज्ञा आहे : गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, सत्कर्मांत धनवान व्हा, दानशूर असा.

माझा सगळ्यात आवडता उतारा मत्तय ६:१९-२४. आधी स्वर्गातील संपत्ती, शेवटी 'देवाची आणि धनाची सेवा करवत नाही', आणि मध्येच डोळ्याबद्दल दोन वचने. ती तिथे कशाला, असे वाटते ना? इब्री बोलीत 'वाईट डोळा' म्हणजे कंजूषपणा. अनुवाद १५:९ मध्ये कर्जमाफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने न देणाऱ्याचा डोळा असा 'वाईट' होतो, नीतिसूत्रे २८:२२ मध्ये धनामागे धावणाऱ्याचा. उलट बाजूला मत्तयात 'हाप्लूस' हा ग्रीक शब्द आहे, सरळ, निर्मळ डोळा. त्याच मुळातला शब्द पौल २ करिंथकर ८:२ मध्ये औदार्यासाठी वापरतो. म्हणजे तिन्ही भाग पैशाबद्दलच आहेत. (मराठीत 'वाईट नजर' म्हटले की दृष्ट लागणे आठवते. इथे तो अर्थ घेऊ नये.)

आता गरीब तो आळशी का? नीतिसूत्रे १०:४ सोबत १३:२३ ठेवा : गरिबाच्या शेतात भरपूर पिकते, पण अन्यायामुळे ते नाहीसे होते. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. ईयोबाने सगळे गमावले तेव्हा त्याचे मित्र हाच 'पाप म्हणून हानी' असा हिशेब मांडत होते, आणि शेवटी (४२:७) देव त्यांच्यावर रागावतो.

उत्तर ३ : हिशेबनीस

कर्जाबद्दल. ज्यांना कर्ज असूनही देवाला द्यायचे आहे त्यांच्यासाठी वचनांतून क्रम निघतो.

पहिली मजुरी. आपल्याकडे राबणाऱ्याचे पैसे सूर्य मावळायच्या आत (अनुवाद २४:१४-१५). कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, असे याकोब ५:४ म्हणते. मग आश्रित : घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो (१ तीमथ्य ५:८). मार्क ७:११ मधला 'कुर्बान' इथेच लागू पडतो. आईबापांना द्यायचे ते 'देवाला अर्पण' म्हणून मोकळे होणाऱ्यांना येशूने फटकारले. मग देणे : घेऊन न फेडणारा स्तोत्र ३७:२१ मध्ये दुर्जनांत गणला जातो. उरलेल्यातून दान, थोडे पण नेमाने. कर्जाच्या काळात दान पूर्ण थांबवा असे मी म्हणणार नाही, मासेदोनियाच्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यातून दिले (२ करिंथकर ८:२). पण सावकाराचा हप्ता दानपेटीत टाकणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे अर्पण करणे.

गाडी अडते ती नवसावर. सभेत भारावून मोठा आकडा बोलून जायचा आणि पुढच्या महिन्यात तोंड लपवायचे. अनुवाद २३:२१-२२ स्पष्ट आहे : बोललात तर फेडायला उशीर नको, न बोललात तर पाप नाही. आकडा घरी, खर्चाची वही समोर ठेवून ठरवा. आणि 'पेराल तसे कापाल' म्हणून उसने काढून देऊ नका. २ करिंथकर ९:१०-११ मध्ये जे पीक सांगितले ते नीतिमत्त्वाचे आहे, आणखी उदार होता यावे म्हणून.

जामीन राहण्याआधी नीतिसूत्रे ६:१-५ वाचा. राहिलाच असाल तर झोप न घेता सुटका करून घ्या, असे तिथे म्हटले आहे.

व्याजाचा इब्री शब्द 'नेशेख' हा चावणे या धातूशी जोडतात. लेवीय २५:३५-३७ मध्ये ते गरीब झालेल्या भाऊबंदाकडून घ्यायला बंदी आहे. परक्याकडून घ्यायला अनुवाद २३:२० मोकळीक देते, आणि मत्तय २५:२७ मधल्या दाखल्यातला धनी सावकाराकडच्या व्याजाची भाषा वापरतो. त्यामुळे 'व्याज मुळातच पाप' किंवा 'व्याजाला हरकत नाही' ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. घेणारा अडलेला आहे का, हे आधी पाहायचे. गहाणाचे नियम हेच सांगतात : जाते किंवा त्याची वरची तळी घेऊ नका, ती माणसाची भाकरी आहे. वस्तू आणायला त्याच्या घरात शिरू नका, बाहेर थांबा. गरिबाचे पांघरूण रात्रीपूर्वी परत करा (अनुवाद २४:६, १०-१३).

वाचनवर्ग

खूप आभार. एक राहिले. मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी (मार्क १२:४१-४४), 'सर्वस्व द्या' या शिकवणीसाठी घ्यायच्या होत्या. ते बरोबर आहे का?

जुनी_पोथी

जपून. दोन टोल्या म्हणजे दिवसाच्या मजुरीचा सुमारे ६४ वा भाग. येशू तिची थोरवी मान्य करतो, त्यात शंका नाही. पण मार्क १२:४० मध्ये, म्हणजे अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, आणि १३:२ मध्ये त्याच मंदिराचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही असे तो म्हणतो. जिला लोकांनी सांभाळायचे तिच्याजवळचे शेवटचे नाणे पेटीत का पडले, हा प्रश्नही वर्गाला विचारा. गरिबांकडून आणखी काढण्यासाठी हा उतारा वापरू नये.

हिशेबनीस

याच वर्गात देणाऱ्यांइतकेच घेणाऱ्यांनाही बसवा. एज्रा ८:२४-३४ वाचून घ्या. एज्राने सोने, चांदी आणि पात्रे बारा प्रमुख याजकांना *तोलून* दिली : ६५० किक्कार (वजनाचे जुने माप) चांदी, १०० किक्कार सोने, वर पात्रे. यरुशलेमेत पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोलले, संख्या आणि वजन जुळवले आणि सगळे वजन लिहून ठेवले. पौलानेही वर्गणी एकट्याने नेली नाही, आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी दोघे पाठवले (२ करिंथकर ८:१६-२२). मंडळीत याचा सरळ अर्थ असा : पेटी उघडताना एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान दोघे, रक्कम तिथल्या तिथे वहीत, दोघांच्या सह्या, आणि बँकेत भरल्यावर पावतीशी मेळ.