मदत हवी आहे : पिको दे ओरिझाबा, 6 दिवस पुरतील का?

भटका_67 : डिसेंबरात मेक्सिकोतला ओरिझाबा डोंगर चढायचा आहे. एजन्सीचा कार्यक्रम असा : पहिल्या दिवशी मेक्सिको सिटी, दुसऱ्या दिवशी पिएद्रा ग्रांदे हट (डोंगरावरची मुक्कामाची झोपडी), तिसऱ्या दिवशी माथा, मग दोन दिवस फिरणं आणि परत. घ्यावा का? लवकर सांगा, उद्या पैसे भरायचे आहेत.

कातळकडा : राहता कुठे? किती जण? गाइड किती? बूट कोणते? याआधी कुठे आणि कधी झोपलात, म्हणजे किती उंचीवर? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटका_67 : ह्यूस्टन. चौघं. एकाने 2019 ला एव्हरेस्ट बेस कॅम्प केलाय, म्हणजे उंचीचा प्रश्न नाही.

कातळकडा : आहे. विरळ हवेची सवय काही आठवड्यांत उतरते, 2019 ची आता शून्य. ह्यूस्टन समुद्रसपाटीला, मेक्सिको सिटी 2,240 मी., हट 4,260. म्हणजे दुसऱ्याच रात्री थेट चार हजारांवर झोप आणि त्याच रात्री एक-दोन वाजता 5,636 मी. उंच माथ्याकडे निघायचं! शेवटचे दोन दिवस फिरण्यात घालवण्यापेक्षा पुढे आणा. दुसऱ्या दिवशी मालिंचे या जवळच्या डोंगराच्या पायथ्याला (3,100) मुक्काम, तिसऱ्या दिवशी तिचा माथा (4,461) करून त्लाचिचुका गावात (2,600) झोप, चौथ्याला हट, पाचव्याला माथा. तरी हवामानासाठी राखीव दिवस उरत नाही. सात करा.

सह्यपुत्र : मालिंचे कशाला? इस्ता या दुसऱ्या डोंगराच्या वाटेवर ला होयाला (3,950) झोपा, सराव जास्त चांगला होतो.

कातळकडा : दुसऱ्याच रात्री 3,950? हटपेक्षा 300 मीटर कमी, एवढंच. हाताशी आठ दिवस असतील तर मालिंचेनंतर इस्ता, आधी नाही.

गिरिजा_ट : त्यापेक्षा किलिमांजारो करा. 5,895 मी., क्रॅम्पॉनची (बर्फासाठी बुटाला बांधायच्या खिळ्यांची) भानगड नाही.

सह्यपुत्र : ताई, धागा मेक्सिकोचा आहे.

लिंबूटिंबू : शाकाहारी असाल तर जपून. फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखी उसळ, पण बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. 'सिन मान्तेका' म्हणून सांगा. आणि कापराची वडी ठेवा, हुंगली की श्वास मोकळा.

कातळकडा : नाक मोकळं होईल, रक्तातला प्राणवायू तेवढाच राहील. कापराने बरं वाटतंय म्हणून वर चढत राहणं हाच धोका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून : साधारण 125 मिग्रॅ दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कुणी बरळायला लागला किंवा टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर उजाडायची वाट न पाहता खाली.

भटका_67 : बूट वॉटरप्रूफ ट्रेकिंगचे आहेत, नवेकोरे. चालतील ना?

सह्यपुत्र : टाच धरून चवडा वाकवून बघा. सहज वाकला तर नाही. हामापा हिमनदीच्या उतारावर बर्फ काचेसारखा कडक असतो, उतार 35 ते 40 अंश. मऊ तळ प्रत्येक पावलाला वाकतो, क्रॅम्पॉनचा पट्टा ढिला होतो आणि नेमका तिथेच निघतो. कडक तळाचे बूट भाड्याने घ्या आणि क्रॅम्पॉन हटवरच घालून बघा. अंधारात, जाड हातमोज्यांत बकल लावता आलं पाहिजे. उतरताना ऊन चढलं की बर्फाचे गोळे तळाला चिकटतात, बर्फाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याने टकटक करून पाडायचे.

कातळकडा : पाणी माणशी किमान चार लिटर खालूनच न्या, हटला भरवसा नाही. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तिकडेच घ्या.

भटका_67 : व्हिसाचं काय?

गिरिजा_ट : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. 'चालू' महत्त्वाचं. नुसतं आय-797 (अमेरिकेचा मंजुरीचा कागद) चालत नाही.

कातळकडा : गाइड किती, ते अजून सांगितलं नाहीत. चौघांना एकच असेल तर पैसे भरू नका. एकाला उलटी झाली की सगळ्यांना परतावं लागेल, आणि पाच जण एका दोरावर असताना एक घसरला तर त्या उतारावर उरलेले थांबवू शकतीलच असं नाही. दोघांमागे एक.

भटका_67 : एकच आहे. विचारतो त्यांना.